अण्णांच्या नावावर

अण्णांना गाडी चालवता येत नव्हती. दुबईत बावीस वर्षं राहून, त्यातली अकरा वर्षं गाड्यांच्याच दुकानात काढूनही त्यांनी लायसन्स काढलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "चालवायला लागलं की माणूस गाडी आतून बघतो. मला ती बाहेरून बघायची असते." आणि ते खरंच होतं. इंजिन केवढं, सीट कापडाच्या की चामड्याच्या, गाणी कशी वाजतात, यातल्या कशाचंच त्यांना कौतुक नव्हतं. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे पत्र्यावरचा रंग आणि त्या रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर. तो थर केसापेक्षाही पातळ असतो आणि इथलं ऊन, वाळू, समुद्राची खारी हवा, पाखरांची शीट हे सगळं तो एकटा अंगावर घेतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात इतक्या कळवळ्यानं सांगितलं, की मला वाटलं घरातल्या कुणाबद्दल बोलताहेत.

आमचं दुकान अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात होतं. पुढे काउंटर, मागे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं वर्कशॉप. गाडीचे शाम्पू, रंग जपायला वर चढवायचं वॅक्स, सीलंट, कोटिंग, शिवाय फडकी असला माल आम्ही विकायचो आणि म्हणाल ते गाडीला लावूनही द्यायचो. मालक केरळचे. मी चिपळूणचा, काउंटरवर सेल्समन. अण्णा इचलकरंजीचे. तिकडे एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायला होते, तो बंद पडला तेव्हा इकडे आले. व्हिसावर त्यांचा हुद्दा 'टेक्निकल सुपरवायझर' होता, दुकानात सगळे 'केमिस्टसाब' म्हणत. अण्णा म्हणणारा मी एकटा. बायको शाळेत शिक्षिका म्हणून तिकडेच राहिलेली, मुलगी शिकत होती. हे जुन्या दुबईतल्या देऱ्यात चौघांच्या खोलीत राहायचे आणि मेट्रोनं यायचे. स्टेशनपासून दुकानापर्यंत काळी छत्री उघडून चालत. इथं उन्हात छत्री धरणारा पुरुष सहसा दिसत नाही. टॅक्सीवाले हॉर्न वाजवायचे. अण्णा त्यांच्याकडे बघायचे नाहीत, त्यांच्या बॉनेटकडे बघायचे.

नवी गाडी घेतलेलं गिऱ्हाईक आलं की त्याचा प्रश्न एकच असायचा, सगळ्यात चांगलं सीलंट कुठलं? मी लगेच डबा काढायला वळायचो. अण्णा मागून यायचे आणि विचारायला लागायचे. गाडी उभी कुठं असते, घरी आणि ऑफिसात? झाड आहे का वर? कसलं? बागेच्या पाण्याचे फवारे उडतात का गाडीवर? धुतं कोण, तुम्ही की बिल्डिंगचा माणूस? तो आधी पाणी मारतो की सुकी धूळच फडक्यानं पुसतो? रोज किती किलोमीटर? किती वर्षं ठेवणार? एकदा एका लाहोरच्या गृहस्थांनी हात जोडले. "भाईजान, मैं गाडी का सीलंट लेने आया हूँ, रिश्ता जोडने नहीं." अण्णा हसले नाहीत. "रिश्ता ही है," म्हणाले. "पाँच साल का."

आणि एवढी चौकशी करून सांगायचे काय, तर मधल्या फळीवरचं साधं सिंथेटिक सीलंट. पंचाण्णव दिरहमचं. "म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर," असं ते मराठी गिऱ्हाइकाला हिशेब करून सांगत आणि पुढे, "या डब्यात दोन वर्षं निघतील. सहा महिन्यांनी एकदा लावा, सावलीत लावा, बॉनेट हाताला गार लागल्याशिवाय लावू नका." वॅक्स इथल्या उन्हात फार दिवस राहत नाही म्हणून नको, महागडं कोटिंग रोज वाळूत फिरणाऱ्या गाडीला लागतंच असं नाही म्हणून नको. कधी कधी तर, "तुमची गाडी कव्हर्ड पार्किंगला असते, तुम्ही स्वतः धुता, तुम्हाला घाई नाही. नुसता चांगला शाम्पू न्या," असं म्हणून माणूस परत पाठवायचे. मालक काचेच्या केबिनमधून हे बघायचे आणि कपाळ चोळायचे.

'टिकतं' या शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "हे छान टिकतं," की ते मागून म्हणायचे, "किती दिवस? कुठल्या उन्हात? कुणी धुतलेलं?" एकदा मला बाजूला घेऊन समजावलं, "अरे, 'टिकतं' हा शब्द एकट्यानं बाहेर सोडायचा नाही. त्याच्याबरोबर दिवस पाठवायचे." मी त्या वेळी सव्वीस वर्षांचा होतो. महिन्याचं टार्गेट असायचं. मला हे सगळं करमणुकीसारखं वाटायचं.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला त्यांनी एक बॉनेट उताणं टेकवून ठेवलं होतं. शारजाच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेलं, काळं. त्यावर चिकटपट्ट्या लावून सोळा चौकोन आखलेले. पंधरा चौकोनांना पंधरा वेगळी सीलंटं आणि कोटिंगं, सोळाव्याला काहीच नाही. दर सोमवारी सकाळी अण्णा ते धुवायचे, प्रत्येक चौकोनावर पाण्याचा फवारा मारायचे, पाण्याचे थेंब कसे उभे राहतात, किती वेळात ओघळतात ते घड्याळ लावून वहीत लिहायचे. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवायचे. पिशवीतून बोट फिरवलं की रंगावरची बारीकशी खरखरही कळते, ती नुसत्या हाताला लागत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं. छपराच्या कठड्यावरून पारव्यांची शीट काडीनं खरवडून आणून प्रत्येक चौकोनात ठेवायचे आणि दोन दिवस उन्हात राहू द्यायचे. मागच्या गॅरेजचे पठाण मेकॅनिक हे बघून हसून लोळायचे. अण्णा त्यांनाही समजावून सांगायचे, की सोळावा चौकोन का मोकळा ठेवलाय.

त्यांच्या जेवणाच्या डब्याच्या झाकणालाही सीलंट लावलेलं असायचं. चष्म्याच्या घराला, छत्रीच्या मुठीला, बुटांनासुद्धा. डबा धुतला की झाकणावर थेंब मोत्यासारखे उभे राहायचे आणि भाकरी-ठेचा खाऊन झाल्यावर ते दोन मिनिटं त्या थेंबांकडे बघत बसायचे. समाधानी माणूस कसा दिसतो, हे मी त्या दोन मिनिटांत बघितलंय.

मग मालकांनी एका नव्या कोटिंगची एजन्सी घेतली. डब्यावर सोनेरी अक्षरांत पाच वर्षं लिहिलेलं. लावायचे दोन हजार दिरहम, आणि त्यात सेल्समनला कमिशन. दुकानात भलं मोठं पोस्टर लागलं. अण्णांनी बॉनेटच्या अकराव्या चौकोनातलं जुनं काढून तिथं त्यातलं थोडं लावलं. तीन महिन्यांनी एका सोमवारी त्यांनी मला हाक मारली. अकराव्या चौकोनात शिटेचा पांढुरका वळ उठला होता, धुऊनही जात नव्हता. शेजारच्या साध्या सीलंटचा चौकोनही अगदी स्वच्छ नव्हता, पण याच्यापेक्षा बरा होता.

"बघ," अण्णा म्हणाले. "पाच वर्षं लिहिलंय. तीन महिने झाले."

ते वही घेऊन केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. मालकांनी वही बघितली, मिटली आणि शांतपणे म्हणाले, "केमिस्टसाब, आपने मुझे बता दिया, अच्छा किया. अब ये बात इधर ही रखो."

अण्णा वही काखेत धरून बाहेर आले. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्या बाई आल्या. शारजात एका शाळेत गणित शिकवायच्या, नागपूरच्या. नवरा अबुधाबीला साइटवर, आठवड्यातून एकदा घरी. सहाव्या परीक्षेत लायसन्स मिळालं आणि आयुष्यातली पहिली गाडी घेतली, दोनच आठवडे झाले होते. गडद निळी. दुकानासमोर लावताना त्या तीनदा मागेपुढे झाल्या आणि उतरल्यावर गाडीकडे वळून बघितलं, जसं पोराला शाळेच्या दारात सोडून आईनं बघावं.

अण्णा स्वतः बाहेर गेले. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून दारावरून बोटं फिरवली. मग प्रश्न सुरू झाले. गाडी बिल्डिंगबाहेर, कडुनिंबाखाली. झाडावर साळुंक्या. रोज कुसैस ते शारजा. धुणारा माणूस नाही, त्या स्वतःच धुणार.

"मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल ते करते."

"गडद रंग आहे, डाग लवकर दिसणार," अण्णा म्हणाले. "हे साधं सीलंट न्या. मी लावायला शिकवतो, चाळीस मिनिटांचं काम आहे. आणि शीट पडली की त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढायची. घासायची नाही, भिजवून उचलायची. हे सीलंटपेक्षा महत्त्वाचं."

बाईंनी पोस्टरकडे बोट केलं. "आणि हे पाच वर्षंवालं?"

अण्णांनी पोस्टरकडे बघितलं. मग केबिनकडे. मालक आत फोनवर होते.

"तुम्हाला साधं पुरे," ते म्हणाले.

बाई विचार करून येते म्हणून गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा अण्णा दुकानात नव्हते. व्हिसा रिन्यूअलच्या मेडिकलला गेले होते. महिना संपायला चार दिवस होते आणि माझं टार्गेट एका कोटिंगनं अडलं होतं.

"सर नाहीत का?" त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचारायचं होतं. शाळेत सगळ्या म्हणतात कोटिंग करून टाक, एकदाची कटकट संपते. सरांचं काय म्हणणं पडेल?"

मी म्हणालो, "मॅडम, अण्णांनीच सांगून ठेवलंय. तुम्ही आलात तर कोटिंगच करा म्हणाले."

"ते तर साधं पुरे म्हणाले होते न?"

"नंतर विचार केला त्यांनी. तुमच्याकडे ते झाड आहे ना, म्हणून."

हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप आलं, आणि इतकं बरोबर बसलं की बाईंचा चेहरा लगेच मोकळा झाला.

"सरांनी झाडाचा विचार केला म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "मग पाच वर्षं बघायला नको ना?"

"बघायलाच नको."

त्याच दिवशी कोटिंग झालं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी कामाचा कागद बघितला आणि मला विचारलं, "बाईंनी कोटिंग केलं?" मी म्हणालो, "हो, त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणींनी सांगितलं म्हणे." ते वळले आणि बॉनेट धुवायला गेले.

आठ महिन्यांनी, उन्हाळा सरता सरता, निळी गाडी पुन्हा दारात आली. या वेळी बाईंनी ती एका झटक्यात लावली. चालवण्यात त्या पक्क्या झाल्या होत्या. पण बॉनेटवर आणि छतावर ठिकठिकाणी वळ उठले होते. शिटेचे, आणि पाण्याच्या फवाऱ्यांचे पांढरे गोल. निळ्या रंगावर ते कोडासारखे दिसत होते.

काउंटरवर अण्णा होते, मी त्यांच्या शेजारी. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, तुम्ही सांगितलं म्हणून मी कोटिंग केलं," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं बघायला नको म्हणून सांगितलं तुम्ही. मग मी शीट पडली तरी सुट्टीच्या दिवसापर्यंत तशीच ठेवायचे. आधी विश्वासच बसला नाही की हे डाग आहेत. घासून घासून बघितलं. नवरा म्हणतो, दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुललीस. मी म्हटलं, नाही, ते सर तसे नाहीत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, जसं ते पाणी ओघळायची वाट बघायचे तसं. मी काउंटरवरचं बिलबुक सरळ केलं.

मग अण्णा बाईंकडे वळले आणि म्हणाले, "हो. माझं चुकलं."

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. अण्णांनी लगेच पुढचं सांगितलं, "मी हे हातानं दुरुस्त करून देतो. मशीननं एकदम केलं तर वरचा थर फार जाईल. चार सुट्ट्या लागतील. सगळे डाग जातील असं सांगत नाही."

चार सुट्ट्या ते देऱ्याहून छत्री घेऊन आले. बंद दुकानाच्या वर्कशॉपमध्ये एक-एक वळ बोटाएवढ्या पॅडनं, अगदी हळू काढत बसायचे. मी पहिल्या सुट्टीला गेलो. मनात ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. त्यांनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं आणि म्हणाले, "इथं धर." दोन तास मी फडकं धरून उभा राहिलो. दुसऱ्या सुट्टीपासून गेलो नाही. शेवटी छतावरचे दोन डाग राहिलेच. ते जाणार नाहीत, असं अण्णांनी बाईंना तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर साधं सीलंट लावून गाडी परत दिली. बाई त्यांना फार बोलल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "चूक माझीच. मीच डोळे मिटून विश्वास ठेवला." मी ते काउंटरवरून ऐकलं.

अण्णा मला रागावतील याची मी महिनाभर वाट बघितली. ते रागावले नाहीत. बोलणं-चालणं पहिल्यासारखं. फक्त एक गोष्ट बदलली. त्यांनी खिशात कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड ठेवायला सुरुवात केली. कुठल्याही गिऱ्हाइकाला काही सुचवलं की ते चिठ्ठीवर लिहायचे, कुठला माल, का, किती महिने, काय काळजी, आणि खाली सही. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि सांगायचं, "माझ्या सहीशिवाय माझं नाव कुणी सांगितलं तर मानू नका." हिंदीत सांगायचे, मोडक्या इंग्रजीत सांगायचे. लोकांना गंमत वाटायची. मला ती चिठ्ठी दर वेळी थोबाडीत बसल्यासारखी लागायची, आणि ती माझ्यासाठी लिहिलेली नाही असं मी स्वतःला सांगायचो.

मालकांचा संयम संपला. चिठ्ठीवर कधीच महागडं कोटिंग नसायचं. काहीजण ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात जायचे. एक दिवस मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नव्या वर्षाची कॉन्ट्रॅक्टं समोर होती.

"भाई, एक बात बताओ," ते म्हणाले. "ये आदमी सबको कोटिंग के लिए मना करता है. वो टीचर मॅडम को इसीने कोटिंग बोला, फिर खुद बोलता है गलती हो गई, फिर चार छुट्टी फ्री में काम करता है. दिमाग ठीक है ना इसका? उस मॅडम को सच में इसने ही बोला था?"

केबिनच्या काचेतून अण्णा दिसत होते. एका टॅक्सीवाल्याला चिठ्ठी समजावून सांगत होते. माझं लग्न ठरलेलं होतं, चिपळूणला हॉल बुक झाला होता. ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "मुझे ठीक से याद नहीं."

अण्णांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. त्रेपन्न वर्षांच्या केमिस्टला त्या महिन्याभरात दुसरीकडे काम मिळणं शक्य नव्हतं, त्यांनी फार शोधलंही नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांनी बॉनेटवरच्या चिकटपट्ट्या काढल्या, सगळे चौकोन सारखे धुऊन काढले आणि ते मागच्या पठाणांना देऊन टाकलं. एअरपोर्टवर मी सोडायला गेलो, दुकानाची व्हॅन घेऊन. दुपारची फ्लाइट होती. सबंध रस्ताभर मी एक वाक्य तोंडात घोळवत होतो. अण्णा बाजूच्या गाड्यांबद्दल बोलत होते. या पांढऱ्याला पुन्हा रंग मारलाय, बघ. त्या लालचं वरचं कवच गेलं, मालक म्हातारा असणार, चालायला नको म्हणून दाराशी उन्हातच लावतो. टर्मिनल आलं. मी बॅग उतरवली, पाया पडलो. ते म्हणाले, "खलास, झालं इथलं. नीट राहा. लग्नाला येतो." आले नाहीत, पण माझ्या बायकोला इचलकरंजीची साडी पाठवली.

मीही पुढे ते दुकान सोडलं. आता अल बर्शात राहतो, एका इन्शुरन्स कंपनीत गाड्यांच्या क्लेमचं काम बघतो. दिवसभर लोकांच्या गाड्यांवरचे ओरखडे बघायचे आणि कोण खरं बोलतंय ते ठरवायचं. अण्णांचा दिवाळीला आणि माझ्या मुलीच्या वाढदिवसाला न चुकता फोन यायचा. मुलगी इंग्रजीत बोलायची, ते मराठीत. दोघांचं छान जमायचं. फोन माझ्या हातात आला की मी तब्येत विचारायचो, हवा विचारायचो.

यंदा मी नवी गाडी घेतली. करडी, साधी, रोज ऑफिसला न्यायची. शोरूमवाल्यानं डिलिव्हरीच्या वेळी कोटिंगचा कागद पुढे केला. मी म्हणालो, विचारून सांगतो. घरी आलो आणि अण्णांना फोन लावला, आपणहून, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी सगळे प्रश्न विचारले. पार्किंग, झाड, धुणारा माणूस. मी उत्तरं दिली. ते म्हणाले, "साधं सीलंट लाव. मार्चात एकदा, ऑक्टोबरात एकदा. तुला येतं लावायला."

"अण्णा," मी म्हणालो, "त्या निळ्या गाडीच्या बाई."

मी बोलत सुटलो. टार्गेट, झाडाचं वाक्य, काउंटर, मालकांची केबिन, 'मुझे याद नहीं'. सगळं. मुलगी शेजारी बसून माझ्याकडे बघत होती.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," अण्णा म्हणाले. "झाडाचं तेवढं नवीन."

"मग तुम्ही का म्हणालात, माझं चुकलं म्हणून?"

"चुकलंच होतं की. अकरावा चौकोन मी बघितला होता. बाईंनी पोस्टर दाखवून सरळ विचारलं, तेव्हा मी 'साधं पुरे' म्हणालो. 'ते घेऊ नका' असं म्हणालो नाही. मालकाचं मीठ खात होतो, गिळलं. तेवढं माझं होतं. ते मी बोललो." मग म्हणाले, "तुझं तू बोलशील म्हणून थांबलो होतो जरा."

मी म्हणालो, "तुमची नोकरी गेली, अण्णा."

"ती जाणारच होती. मालकाला निमित्त पाहिजे होतं. मी काही चांगला नोकर नव्हतो." ते हसल्यासारखं वाटलं. मग त्यांचा आवाज बदलला. "पण त्या बाई जाताना म्हणाल्या, चूक माझीच, विश्वास ठेवला. ते अजून आठवतं मला. हिशेबाची बाई होती रे, गणित शिकवायची. तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. तिनं योग्य माणसाला विचारलं होतं. हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे. मला सांगून काय उपयोग?"

"सांगतो," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड? इज इट अबाउट अ कार?" मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस रजा काढून मी शारजाला त्या शाळेत गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये नाव बघितलं. मॅडमनी दोन वर्षांपूर्वीच शाळा सोडली होती. कुठं गेल्या? नागपूरला, की नवऱ्याबरोबर आणखी कुठल्या देशात, ते तिला माहीत नव्हतं. असतं तरी तिनं सांगितलं नसतं. इथं माणसं अशीच जातात. घर रिकामं होतं, गाडी कुणीतरी विकत घेतं आणि चार महिन्यांनी बिल्डिंगमधल्या कुणालाही नाव आठवत नाही.

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता. कामाच्या कागदावरून तेव्हा घेतलेला, 'ब्लू कार मॅडम' म्हणून. मी शाळेबाहेर गाडीत बसलो आणि लावला. लागणार नाही असं वाटलं होतं. तिसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला. मागे ट्रकचा आवाज होता. मला भीती वाटली की एक क्षण थांबलो तर पुन्हा हवापाण्याचं बोलायला लागेन, म्हणून मी हॅलोसुद्धा म्हणालो नाही.

"मॅडम, कोटिंग करा असं अण्णांनी सांगितलंच नव्हतं," मी एका दमात म्हणालो. "मी खोटं बोललो. चूक तुमची नव्हती, त्यांचीही नव्हती. माझी होती."

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला.

"भाई, किससे बात करनी है आपको?" एक जाडा, थकलेला पुरुषी आवाज म्हणाला. "ये नंबर तो सालभर से मेरे पास है."

मी म्हणालो, "सॉरी. गलती हो गई."

"कोई बात नहीं," तो म्हणाला. "हो जाता है."

आणि त्यानं फोन ठेवला.